हप्ता वेगळा होत नाही

मायक्रोफायनान्सच्या कर्जाच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा दोन फोटो चिकटवलेले असतात. एक बाईचा, कारण कर्ज तिच्या नावावर. दुसरा नवऱ्याचा, कारण तो सहकर्जदार किंवा जामीन. पुढे दोघांचं पटेनासं होतं, बाई लेकरं घेऊन माहेरी येते, आणि फाईल शाखेच्या कपाटात तशीच राहते, दोन फोटोंसकट. ठरल्या वाराला गटाची मीटिंग भरते. वसुलीला येणाऱ्या ‘सरां’ची मोटारसायकल गल्लीत येऊन थांबते. बाई कोणाच्या घरून निघून कोणाच्या घरी आली, याच्याशी त्या मोटारसायकलीला काही देणंघेणं नसतं.

पालम, गंगाखेड, सोनपेठ या परभणीच्या गोदाकाठच्या तालुक्यांत संसार मोडल्याची बातमी ‘घटस्फोट झाला’ अशी क्वचितच येते. ‘पोरगी माहेरी आलीय’, ‘नांदवत नाहीत’, ‘फारकत घ्यायची म्हणतात’ अशी येते. देशाचं चित्रही असंच आहे. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंदलेले सुमारे साडेतेरा लाख लोक होते, तर घटस्फोट न घेता वेगळे राहणारे त्यांच्या अडीच पटींहून जास्त. म्हणजे कागदावर नवरा-बायको, चुली दोन. पैशाच्या हिशोबाला सगळ्यांत वाईट अवस्था हीच. घटस्फोटाच्या हुकुमात निदान काय कोणाचं हे लिहिलेलं असतं. इथे काहीच लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलेलं असतं ते बँकेच्या, पतसंस्थेच्या, सावकाराच्या वहीत.

त्यात इकडचा पैसा येतो हंगामाने आणि जातो तारखेने. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर, कापूस तिथून संक्रांतीपर्यंत, तूर त्यानंतर. हप्ता मात्र आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा पालमशी संपर्क तुटतो, पण हप्त्याची तारीख तुटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर हिशोबाचं एककच जोडपं असतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. बायको माहेरी गेली की नवरा उरतो ‘अर्धा कोयता’, बायकोही अर्धा कोयता, आणि उचल पूर्ण. ती फेडायची कशी, यावर जो भांडणतंटा होतो त्यात मूळ भांडण कधी कधी विसरलं जातं.

रिझर्व्ह बँकेचा एक नियम इथे समजून घेण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज. कुटुंब म्हणजे कोण, तर नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरायचं आणि त्या घरावरच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. नियम चांगला आहे. पण माप काढलं ते दोन माणसांच्या कमाईवर, ज्या दिवशी कर्ज दिलं त्या दिवशी. घर फुटल्यावर ते माप आपोआप पुन्हा काढलं जात नाही. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणतात खरं, पण इथे पाय पसरून झाल्यावर अंथरूण अर्धं कापून नेलेलं असतं.

म्हणून नव्या बजेटचं पहिलं पान खर्चाचं नसावं असं माझं मत आहे. पहिलं पान नावांचं. कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, एवढंच. कर्ज कोणी वापरलं हा प्रश्न वेगळा आणि कर्ज कोणाच्या नावावर आहे हा वेगळा. तिच्या नावाने उचललेल्या ४० हजारांतून त्याने मोटारसायकल घेतली असेल, तरी देणारी संस्था पैसे तिच्याकडेच मागणार. दोघांनी मिळून सही केली असेल, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे धनको दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. जामिनाची सही तर अनेकजण ‘नुसती साक्षीला’ म्हणून करतात. त्याच कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. याउलट, जिथे तिची सही कुठेच नाही, अशा त्याच्या पतसंस्थेच्या किंवा उधारीच्या कर्जाला केवळ ‘तू त्याची बायको’ म्हणून ती बांधील नसते. वसुलीवाला दारात येऊन ओरडला तरी नसते. हा फरक ज्यांना वेळेवर कळतो, त्यांचे कित्येक हजार वाचतात.

सह्या आठवत नाहीत, ही खरी अडचण. पाच-सात वर्षांच्या संसारात किती फॉर्मवर अंगठा दिला हे कोण लक्षात ठेवतं? त्यासाठी क्रेडिट रिपोर्ट आहे. लोक त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. प्रत्यक्षात अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आपल्या आधार-पॅनवर कोणतं कर्ज चालू आहे, कशाला आपण जामीन आहोत, किती थकलं, हे त्यात दिसतं. या भागाला तर याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हजारो शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर पीककर्ज उचललं गेल्याची तक्रार २०१७ मध्ये गंगाखेडच्या पोलिसांत गेली होती. नावावर काय आहे हे माणसाला नोटीस आल्यावर कळावं, हे काही फक्त नवरा-बायकोतच घडत नाही.

सातबाराही पाहावा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यानंतर १९९२ मध्ये राज्य सरकारनेही त्याच नावाने योजना काढली, आणि बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट खुली झाली. ज्यांचं नाव लागलं त्यांच्या हातात आज काहीतरी आहे. मात्र त्या जमिनीवर पीककर्ज घेताना त्यांनीही सही दिली असेल, तर तेही खातं त्यांच्या नावांच्या पानावर लिहावं लागेल.

बँकेचं संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं असेल तर कोणीही एकटा ते रिकामं करू शकतो. शाखेत लेखी अर्ज देऊन ‘दोघांच्या सहीने’ असा बदल मागता येतो. त्याहून किरकोळ वाटणारी, पण रोज नडणारी गोष्ट म्हणजे मोबाईल नंबर. आधारला जोडलेलं सिम नवऱ्याच्या खिशात असतं. ओटीपी तिकडे जातो, बँकेचा मेसेज तिकडे जातो, आणि सरकारी अनुदान ज्या खात्याला आधार जोडलेलं आहे तिथे जमा होतं, मग ते खातं दोघांचं असलं तरी. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर लावणं आणि एकटीच्या नावाचं खातं आधारला जोडून घेणं ही दोन कामं कोणत्याही वकिलाच्या आधी करावीत. विमा पॉलिसी, पोस्टाचं खातं यांवरचं वारसदाराचं नाव त्याच फेरीत बदलून टाकावं.

आता खर्चाचं पान. आपण एक घर कल्पू. बाई, दोन शाळकरी मुलं, माहेरच्या वाड्यात वेगळी खोली, भाडं नाही. ती शेतमजुरीला जाते आणि घरी शिलाई करते. मजुरी ३०० रुपये रोज, हंगामात महिन्याला १८ दिवस काम. म्हणजे ५,४०० रुपये. बहुतेकजणी हाच आकडा धरून बसतात आणि इथेच बजेट फसतं. उन्हाळ्यात शेतात काम नसतं. आठ महिने १८ दिवस आणि चार महिने ८ दिवस धरले, तर वर्षाचे होतात ५२,८०० रुपये, महिन्याची सरासरी ४,४००. मराठवाड्यातलं बजेट महिन्याचं करूच नये. ते वर्षाचं करावं आणि मग बाराने भागावं. शिलाईचे २,५०० धरू, लाडकी बहीण योजनेचे १,५००. एकूण ८,४००.

खर्च असा: किराणा २,४००, दूध-भाजी १,२००, गॅस ४५०, वीज ३००, शाळेचं ६००, औषधपाणी ४००, मोबाईल २००, आणि बसभाडं, कोर्टाची तारीख, झेरॉक्स, स्टॅम्प पेपर असा नव्याने सुरू झालेला खर्च ३५०. बेरीज ५,९००. हातात राहतात २,५००.

कर्जं दोन. पहिलं मायक्रोफायनान्सचं, ४० हजारांचं, समजा २४ टक्के दराने दोन वर्षांसाठी. त्याचा हप्ता येतो साधारण २,११५ रुपये. दुसरं सावकाराचं २० हजार, शेकडा पाचने. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभरामागे पाच, वर्षाला साठ. दर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागेवर. दोन्ही मिळून ३,११५ द्यायचे आणि हातात २,५००. दर महिन्याला ६१५ कमी पडतात. ते कुठून येतात? भावाकडून, शेजारणीकडून, किराणा दुकानाच्या उधारीतून. म्हणजे तिसरं कर्ज तयार होत असतं, फक्त त्याची वही नसते.

याच घराला कर्ज देताना काय दिसलं असेल पाहा. नवरा महिन्याला १२ हजार कमवतो धरला, तिचे मजुरी आणि शिलाईचे मिळून ६,९००, एकूण १८,९००. त्याचे निम्मे ९,४५०. २,११५ चा हप्ता त्यात सहज बसला. आज ती एकटी, ६,९०० चे निम्मे ३,४५०. नियमाप्रमाणे अजूनही बसतोच! नियम उत्पन्न मोजतो, पोट मोजत नाही.

६१५ ची ही फट किराणा कापून बुजवायची नसते. किराण्यातून महिन्याला दोनशे निघतात आणि पुढच्या महिन्यात ते दवाखान्यात जातात. फट बुजते ती कर्जाच्या बाजूने, आणि त्यासाठी कर्जांना रांगेत उभं करावं लागतं. आपल्याकडे रांग लावायची रीत अशी, की जो जास्त ओरडतो त्याला आधी. मायक्रोफायनान्सचे सर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलतात, म्हणून त्यांचा हप्ता आधी. सावकार गोड बोलतो, ‘राहू दे ताई, नुसतं व्याज दे’ म्हणतो, म्हणून तो शेवटी. हिशोब नेमका उलटा आहे. गोड बोलणारा ६० टक्क्यांनी घेतो.

सावकाराबद्दल कायदा काय म्हणतो हेही लक्षात असावं. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा हा जुनाच न्याय. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. एवढं माहीत असूनही तक्रारी कमी होतात, याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: पुढच्या नडीला पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं. नवऱ्याने सोडलेल्या बाईला तर गावात दुसरं दार लवकर उघडतही नाही. म्हणून तक्रारीची धमकी न देता, ‘दिलेलं व्याज मुद्दलाच्या वर गेलंय, हिशोब काढू’ असं चार माणसांत बोलणं हा मधला मार्ग बरेचदा चालतो. त्यासाठी दिलेल्या व्याजाची तारीखवार टिपणं हवीत. फोन-पेने दिलं असेल तर आपोआप राहतात. सावकाराला व्याज रोखीनेच लागतं, ते उगाच नाही.

दुसरा मार्ग दागिन्याचा. ‘स्त्रीधन मोडू नये’ हे ऐकत आपण वाढलो. त्यात शहाणपण आहे, कारण बाईच्या हक्काचं असं तेवढंच असायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधन पूर्णपणे बायकोच्या मालकीचं आहे, सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. त्यामुळे जे सासरी राहिलं त्याची यादी आधी करावी, लग्नातल्या फोटोंवरून, सराफाच्या पावत्यांवरून. पण जे हातात आहे ते डब्यात आणि वर ६० टक्के व्याज, हा व्यवहार सोन्याच्या भावनेपोटी महाग पडतो. आपल्या घरात २० हजार सावकाराला द्यायचे आहेत. तिने कानातलं किंवा अंगठी बँकेत सोनेतारण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी २० हजार घेतले, तर व्याज महिन्याला २०० रुपये. हजाराचे दोनशे झाले, ८०० वाचले. ६१५ ची फट बुजून १८५ रुपये शिल्लक पडले. घरखर्चातला एकही रुपया कमी न करता.

दागिना तारण ठेवताना खातं तिच्या नावावर असलं पाहिजे आणि पावती तिच्या हातात, एवढी काळजी घ्यावी. भावाच्या खात्यावर ठेवलेला दागिना सोडवताना भावजयीचं मत विचारात घ्यावं लागतं. (यावर कोणी हसू नये. असे तंटे मी पाहिले आहेत.)

मायक्रोफायनान्सच्या कर्जाचं काय? ते बुडवू नये, कारण गटाच्या कर्जात आपला थकलेला हप्ता भरायचा दबाव बाकीच्या बायकांवर येतो आणि माहेरच्या गावातली नाती त्यात जातात. पण गप्पही बसू नये. परिस्थिती बदलल्याचं शाखेला लेखी कळवावं, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी. द्यायचंच असं बंधन त्यांच्यावर नाही, पण मागितल्याशिवाय तर कोणीच देत नाही. आणि काही गोष्टी हक्काच्या आहेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. वसुली संस्था आणि कर्जदार दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी यायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन नाही, फेरी नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास देणं नाही. हे सगळं त्याच २०२२ च्या निर्देशांत आहे. संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचा फोन क्रमांक १४४४८.

पीककर्जाची गंमत निराळी. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं, आणि तारीख चुकली की सवलत जाते. सगळ्यांत स्वस्त कर्ज एका दिवसात महाग होतं ते असं. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याने वर्षभर बाकी कर्जांच्या मागे धावून मार्चअखेर पीककर्ज थकवू नये. ‘माफी येईल’ ही आशा मी हिशोबात धरत नाही. माफीचे निकषही घराकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. २०१७ च्या कर्जमाफीत सुरुवातीला नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब धरलं होतं आणि मर्यादा त्या कुटुंबाला दीड लाखाची होती. बायको वेगळी राहते की एकत्र, हे त्या व्याख्येत नव्हतं.

आणि पोटगी? माहेरी आलेल्या मुलीच्या बजेटमध्ये घरचे सगळ्यांत आधी हाच आकडा टाकतात. ‘महिन्याला दहा हजार तरी मिळतील.’ मिळतीलही. कधी, हा प्रश्न आहे. पोटगीच्या कायद्यात आज देशभर ज्याचा दाखला दिला जातो तो रजनेश विरुद्ध नेहा हा खटला आपल्या नागपूरचाच. पत्नी बाळंतपणानंतर काही दिवसांतच, जानेवारी २०१३ मध्ये, घराबाहेर पडली. सप्टेंबर २०१३ मध्ये अर्ज केला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये अंतरिम पोटगी ठरवली, तिला १५ हजार, मुलाला आधी ५ आणि मग १० हजार. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये पतीची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. अंतरिम म्हणजे तात्पुरती पोटगी, तिची ही सात वर्षं.

त्या निकालाने दोन गोष्टी मात्र पक्क्या केल्या. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू धरायची, निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणजे अर्ज करायला लावलेला प्रत्येक महिना हातचा जातो. आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. यासाठी न्यायालयाने नमुने जोडले, आणि त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, पिकं कोणती, जनावरं, अवजारं, शेतीवरची कर्जं. पालमसारख्या भागात हे फार कामाचं, कारण ‘मला पगारच नाही’ हे इथलं नेहमीचं उत्तर असतं. पगार नसतो, पण सोयाबीन विक्रीच्या पट्ट्या असतात, साखर कारखान्याची बिलं असतात. त्याने तिच्या नावावर काढून स्वतः वापरलेल्या कर्जाचं रडगाणं सरांपुढे गाऊन उपयोग नसतो, ते मांडायची जागा हे प्रतिज्ञापत्र. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही हिंसाच मानला आहे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते.

अर्ज कुठे करायचा? जुन्या फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. कोणत्याही धर्माच्या बाईला चालतं. ती सध्या राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज देता येतो, सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. वकिलाच्या फीसाठी कर्ज काढणाऱ्या बाया असतात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन १५१००. पोटगी ठरली आणि थकली, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत दीड वर्ष थांबलं तर जुने सहा महिने या वाटेने मिळत नाहीत.

माझा साधा नियम असा: पासबुकात तीन महिने लागोपाठ पोटगी दिसेपर्यंत ती उत्पन्नाच्या रकान्यात लिहायची नाही. आली तर थेट कर्जाच्या मुद्दलाला.

सरकारी मदतीचे आकडे लहान आहेत, पण तारखेला येतात म्हणून हप्त्याच्या घराला त्यांचं मोल जास्त. जुलै २०२४ पासूनच्या लाडक्या बहिणीत परित्यक्ता हा शब्द निकषांतच आहे. मात्र २०२५ मध्ये ई-केवायसी आलं, त्यात पती किंवा वडिलांचं आधार मागितलं, आणि माहेरी बसलेल्या बाईची कोंडी झाली. पती ओटीपी सांगायला तयार नाही आणि घटस्फोटाचा कागद हातात नाही. अशा वेळी पोटगीचा अर्ज दाखल असला तर निदान एक केस नंबर दाखवता येतो. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या किंवा घटस्फोट होऊन पोटगी न मिळणाऱ्या बाईला महिन्याला १,५०० मिळतात. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांची, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोण जगतं हे तहसीलदारांनाही माहीत असतं. शिवाय हे १,५०० मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत. ज्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं ती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे परभणीला फेऱ्या कराव्या लागतात, पण फेऱ्या वसूल होतात.

रेशनकार्ड वेगळं करणं हे सगळ्यांत जुनं भांडण. १९८० च्या दशकाअखेर संगमनेरला ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांना एकत्र आणलं, त्या चळवळीतली एक मागणी वेगळ्या रेशनकार्डाची होती. सासरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय दुसरीकडे चढत नाही, आणि तोवर तिचं आणि मुलांचं धान्य सासरीच उचललं जातं. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, तिघांचे १५ किलो, सध्या फुकट. वर धरलेला २,४०० चा किराणा या १५ किलोंच्या भरवशावरच आहे.

पुरुषाच्या बाजूचाही हिशोब असतो. ट्रॅक्टरचा हप्ता, म्हातारे आईबाप, आणि पोटगी भरून उरलेल्या पैशांत स्वतःची चूल. त्यानेही नावांचं पान काढावं. बायकोच्या कर्जाला तो सहकर्जदार असेल तर ‘ती गेली, तिचं ती बघेल’ म्हणून सुटका नाही. तिने थकवलं की त्याच्याही रिपोर्टवर ते चढतं, आणि पुढच्या खरिपाला बँकेत गेल्यावर कळतं. त्यामुळे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांनाही हप्त्यापुरतं बोलावं लागतं. लोकअदालतीत पोटगीची आणि कर्जाची अशी दोन्ही प्रकरणं तडजोडीला ठेवता येतात. बँक कमी रकमेत तडजोडीला तयार झाली तर मोह होतो, पण रिपोर्टवर ते खातं ‘सेटल्ड’ असं दिसतं, ‘बंद’ असं नाही, आणि नवीन कर्जाच्या वेळी ते नडतं.

आपल्या घराकडे परत येऊ. सावकार मिटला, सोनेतारणाचे २०० व्याज चालू, महिन्याला १८५ शिल्लक. मायक्रोफायनान्सचे १० हप्ते उरले होते असं समजू. दहा महिन्यांत १,८५० जमतात, ते कपाटातल्या डब्यात ठेवायचे, एखाद्या तापासाठी. सोनेतारण वर्षाने नवं करून घ्यायचं. अकराव्या महिन्यापासून २,११५ मोकळे होतात, जुन्या १८५ सकट २,३००. ते सगळे सोन्याच्या मुद्दलाला. नऊ महिन्यांत २०,७००. म्हणजे एकोणिसाव्या महिन्यात कानातलं घरी येतं. मधल्या काळात धाकट्याला एकदा सलाईन लागलं तर बाविसाव्या. दिवाळीला माहेरच्या माहेरी दोन्ही पोरांना कपडे घ्यावेच लागले तर तेविसाव्या. तोवर पावती पिठाच्या डब्याखाली नको, बँकेच्या पासबुकात ठेवावी. पासबुक तिच्या एकटीच्या नावाचं आहे.